बुड उकरून पाहा: परोपजीवी तणाला दाद न देणारी बरबटी कशी घडवतात, हे नव्याने शिकणाऱ्यांसाठी

पोळ्याच्या सुमारास बरड जमिनीतल्या ज्वारीत शिरा. एखाद्या पट्ट्यात ताटं भरदुपारी मान टाकून उभी दिसतील. जमिनीत ओल आहे, आदल्याच आठवड्यात पाऊस झालाय, तरी पानं पिळलेली. बुडाशी वाकून पाहिलं की वीतभर उंचीची, हिरवीगार, खरखरीत पानांची, बारीक पांढऱ्या फुलांची रोपटी दिसतात. एका ताटाभोवती कधी दोन, कधी वीस. हा टारफुला. ताटाभोवतालची माती ओली करून दोन्ही एकत्र हळूच उचलले, तर टारफुल्याची मुळी ज्वारीच्या मुळीत घुसलेली स्पष्ट दिसते.

बरबटीलाही (पुण्या-मुंबईकडे जिला चवळी म्हणतात ती) असाच टारफुला लागतो. मात्र ते आपल्या विदर्भातलं दुखणं नाही, ते पश्चिम आफ्रिकेचं. नायजेरिया, नायजर, माली, बुर्किना फासो, बेनिन या भागांत बरबटी हे रोजच्या जेवणातलं मुख्य कडधान्य आहे आणि बळी पडणारं वाण पेरलं तर अख्खं वावर हातचं जाऊ शकतं. तिथल्या पैदासकारांनी या तणाविरुद्ध जे काम केलं, त्याच्याइतका स्वच्छ धडा या विषयात दुसरा नाही. म्हणून मी शिकवताना तोच घेतो.

शिकण्याची माझी पद्धत अशी आहे: फुलाचं काम बरबटीवर, मुळांचं काम ज्वारी आणि टारफुल्यावर, आणि पिढ्यांचा हिशेब आफ्रिकेतल्या बरबटीच्या उदाहरणावर. बरबटीचं फूल मोठं असतं, नवख्या हातालाही जमतं. ज्वारीचं फूल इतकं बारीक की पहिल्याच हंगामात हात टेकावे लागतात. टारफुला मात्र आपल्याकडे ज्वारीवरच मिळतो, आणि बरबटीवरचा टारफुला बाहेरून आणायचा विचारही मनात आणायचा नाही. त्याचं बी डोळ्याला धूळ वाटावी इतकं बारीक असतं. एकदा जमिनीत गेलं की आपल्या हयातीत निघेल याची खात्री नाही.

आधी ओळख पक्की करा

विदर्भात परोपजीवी म्हटलं की लोक चार गोष्टी एकाच पोत्यात भरतात. सोयाबीनवर पसरणारे पिवळे दोरे म्हणजे अमरवेल. तिला मूळ नाही, पान नाही, ती खोडातून रस ओढते. आंब्या-बाभळीवरचं बांडगूळ फांदीवर बसतं, स्वतःच्या पानांत अन्न करतं आणि पाणी मात्र झाडाचं पितं. तंबाखूच्या मुळांवर येणाऱ्या बंबाखूला हिरवा रंगच नसतो. टारफुला हिरवा असतो, पण हिरवा असूनही त्याचं पोट ज्वारीच्या मुळावर भरतं. या चौघांविरुद्धचा प्रतिकार वेगवेगळा असतो. टारफुला रोखणारं वाण अमरवेलही रोखेल असं धरून चालू नका.

आफ्रिकेत बरबटीवर दोन मूळ-परोपजीवी तणं येतात. एक स्ट्रायगा जेस्नेरिऑइडिस. याची खोडं मांसल, पानं खवल्याएवढी, फुलं फिकट जांभळी. दुसरं अलेक्ट्रा व्होगेली. याला नीट पानं असतात आणि फुलं पिवळी. आपला ज्वारीवरचा टारफुला म्हणजे स्ट्रायगा एशियाटिका, पहिल्याचाच भाऊबंद. पण भाऊबंद असले तरी घरं वेगळी: ज्वारीवरचा टारफुला बरबटीवर जगत नाही आणि बरबटीवरचा ज्वारीवर जगत नाही.

बी कधी उगवतं, हे समजल्याशिवाय पुढे जाऊ नका

टारफुल्याच्या एका रोपट्यावर हजारोंनी बिया धरतात. एक बी ०.२ ते ०.३ मिलिमीटरचं. ते जमिनीत दहा-दहा वर्षं आणि त्याहूनही जास्त जिवंत पडून राहतं. पाऊस पडला म्हणून ते लगेच उगवत नाही. आठवडा-दोन आठवडे ओल आणि ऊब मिळून आधी ते तयार व्हावं लागतं, आणि मग जवळून एखादी मुळी जाताना तिच्यातून झिरपणारं ठरावीक द्रव्य त्याला लागावं लागतं. हे द्रव्य मिळालं तरच मोड फुटतो. मोड फुटल्यावर काही दिवसांतच मुळीला चिकटता आलं नाही तर ते मरतं, कारण एवढ्याशा बियात शिदोरी असते ती कितीशी?

या द्रव्यांना स्ट्रिगोलॅक्टोन म्हणतात. आपल्या भागातल्या माणसाला यातली एक गोष्ट नक्की आवडेल: असलं पहिलं द्रव्य, स्ट्रिगॉल, १९६६ साली शोधलं गेलं ते कपाशीच्या मुळांच्या स्रावातून. आपल्या पऱ्हाटीच्या मुळातून! पऱ्हाटीवर टारफुला जगत नाही, तरी तिच्या मुळाशी त्याचं बी फसून उगवतं आणि मरून जातं. बरबटीची मुळंही ज्वारीवरच्या टारफुल्याला असंच फसवू शकतात. ज्वारीच्या तासात बरबटी टाकायची जुनी रीत होती, तिचा एक फायदा इथेही होता.

झाड हे द्रव्य तणासाठी सोडत नाही. मुळांना स्फुरद आणून देणाऱ्या बुरशीला बोलावण्यासाठी सोडतं, हे २००५ साली स्पष्ट झालं. टारफुल्याने ती हाक चोरून ऐकायची कला साधली. पैदासकाराला याचा अर्थ असा की हाक पूर्ण बंद करणारं वाण निवडलं तर त्याची किंमत झाडाला दुसरीकडे मोजावी लागू शकते.

आणि आणखी एक. टारफुला जमिनीवर दिसतो तोवर तो चार ते सात आठवडे खाली राहून खात असतो. निम्मं-अधिक नुकसान तेव्हाच होऊन गेलेलं असतं. दिसल्यावर निंदण केलं तर पुढच्या वर्षीचं बी वाचतं, या वर्षीचं कणीस वाचत नाही. वाणातच प्रतिकार हवा तो यासाठी.

स्वच्छ दिसणारं झाड प्रतिकारक असतंच असं नाही

हा धडा मी फार महागात शिकलो, म्हणून तो सगळ्यात लांब सांगतो.

सुरुवातीच्या एका वर्षी टारफुल्याने खाल्लेल्या ज्वारीच्या वावरात मला सलग पंधरा-वीस ताटांचा एक तुकडा एकदम स्वच्छ सापडला. आजूबाजूला टारफुला फुललेला आणि हा तुकडा ताठ, कणसं भरदार. मी ताटांना लाल दोरे बांधले, कणसं वेगळी काढली, वर्षभर जपली. पुढच्या मृगात तीन जणांच्या वावरात पेरायला दिली. पोळ्यापर्यंत तिन्ही ठिकाणी टारफुला वर आला, शेजारच्या वाणाइतकाच. ज्यांनी माझ्या शब्दावर जागा दिली होती, त्यांच्या धुऱ्यावर उभं राहायला मला लाज वाटली.

त्या पहिल्या वावरात निंदायला येणाऱ्या काकू होत्या. त्यांना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “अरे बाबू, तिथं पहिले उकिरडा होता न. वरतून काय पाहून रायला? बुड उकरून पाह्य.”

उकिरड्याच्या जागी नत्र भरपूर असतं, आणि नत्र भरपूर असलं की टारफुल्याचा जोर कमी होतो. मी ज्याला वाणाचा गुण समजलो तो मातीचा गुण होता. झाड वाचलं कारण त्याच्यापर्यंत शत्रू पोचलाच नव्हता. पैदाशीच्या भाषेत याला निसटणं म्हणतात आणि या कामातली सर्वाधिक वर्षं निसटलेल्या झाडांमागे वाया जातात.

तेव्हापासून माझे दोन नियम आहेत. पहिला: तपासायच्या प्रत्येक वाणाशेजारी हमखास बळी पडणारं वाण लावायचं. शेजारचं खाल्लं गेलं नसेल तर त्या जागेचा निकाल धरायचाच नाही. दुसरा: वरून मोजून थांबायचं नाही, मुळं धुऊन पाहायची.

कुंडीतली चाचणी

वावरात टारफुल्याचं बी सारखं पसरलेलं नसतं, म्हणून सुरुवात कुंडीत करा. बी आपल्याच, आधीच टारफुला असलेल्या वावरातलं घ्या. दिवाळीच्या आसपास बोंडं तपकिरी होतात, पण अजून फुटलेली नसतात. ती कागदावर वाळवा, झटका, बारीक जाळीतून गाळा आणि काचेच्या बाटलीत कोरडी ठेवा. ताजं बी झोपेत असतं, काही महिने गेल्यावरच ते कामाचं होतं, त्यामुळे पुढच्या मृगापर्यंत थांबायचंच आहे. ही बाटली दुसऱ्या गावी न्यायची नाही, दुसऱ्याला द्यायची नाही, आणि चाचणीही त्याच वावराच्या कोपऱ्यात करायची. स्वच्छ रानात टारफुल्याची कुंडी ठेवणं हा शेजाऱ्याशी केलेला दगा आहे.

एका चहाच्या चमच्यात या बिया लाखांच्या घरात असतात, त्यामुळे बी थेट कुंडीत टाकलं तर कुठे ढीग, कुठे काहीच नाही असं होतं. चमचाभर बी दहा किलो बारीक, कोरड्या रेतीत चांगलं कालवा. मग प्रत्येक बादलीच्या वरच्या वीतभर मातीत या रेतीची एकेक मूठ मिसळा. म्हणजे प्रत्येक बादलीत काही हजार बिया जातात आणि साधारण सारख्या जातात. बादल्या बारा-पंधरा लिटरच्या जुन्या चालतात, बुडाला भोकं पाडा. माती हलकी घ्या, शेणखत आणि युरिया टाळा. उकिरड्याची गोष्ट आठवा.

आता दहा ते चौदा दिवस माती नुसती ओलसर ठेवा, पेरू नका. या दिवसांत बी तयार होतं. ही पायरी घाईत गाळली की सगळी वाणं “प्रतिकारक” निघतात. त्यानंतर पेरा. प्रत्येक वाणाच्या किमान पाच बादल्या टारफुल्याच्या आणि दोन कोऱ्या, बळी पडणाऱ्या वाणाच्या मात्र दहा. सगळ्या बादल्या मिसळून मांडा. एका वाणाच्या ओळीने मांडल्यात तर सावलीचा फरक वाणाच्या नावावर जमा होतो.

साधारण सात आठवड्यांनी निम्म्या बादल्या उघडा. बादली पाण्याच्या टाक्यात तासभर बुडवून ठेवा, मग आडवी करून मातीचा गोळा हळू सरकवा आणि मंद धारेखाली धुवा. घाई केली तर चिकटलेली रोपं तुटून वाहून जातात आणि मुळं खोटी स्वच्छ दिसतात. पांढऱ्या मुळांवर टारफुल्याचे पांढरट कोंब आणि गाठी दिसतील. भिंग हाती ठेवा. तीन आकडे लिहा: चिकटलेले किती, त्यातले वाढलेले किती, जागेवर काळे पडून मेलेले किती. उरलेल्या बादल्या कापणीपर्यंत ठेवून दाण्याचं वजन कोऱ्या बादलीशी ताडून पाहा.

धुतलेलं पाणी नालीत सोडू नका, त्याच कोपऱ्यात खड्डा करून जिरवा. टारफुल्याचं एकही रोप बी धरेपर्यंत ठेवायचं नाही, फुलावर आलं की उपटून जाळायचं. जोड्यांचे तळवे आणि खुरपं तिथेच धुवा.

मुळावर काय दिसलं, त्याचा अर्थ

आफ्रिकेतल्या बरबटीत हे फार सुंदर अभ्यासलं गेलंय. ५८-५७ नावाच्या वाणात तण मुळीत शिरायला लागलं की शिरण्याच्या जागेभोवतीची मुळी स्वतःच काळी पडून मरते. दारातच वाट बंद. बी-३०१ नावाच्या वाणात तण आत शिरतं, इवलीशी गाठ धरतं, पण पुढे वाढतच नाही. दोन्ही झाडं वरून सारखीच स्वच्छ दिसतात. धुतलेल्या मुळांवरच कळतं की दोघांची रीत वेगळी आहे, आणि वेगळी रीत म्हणजे बहुधा वेगळा जनुक. संकर करताना हीच माहिती सोन्यासारखी असते.

तिसरा प्रकार फसवा असतो. मुळावर गाठी भरपूर, टारफुलाही वर येतो, तरी झाड बऱ्यापैकी दाणे देतं. ही सहनशीलता. शेतकऱ्याला त्या वर्षी ते वाण आवडतं, पण जमिनीत दरवर्षी लाखो बिया वाढत जातात आणि शेजारच्याचं वावर बिघडतं. वहीत प्रतिकार आणि सहनशीलता यांचे रकाने वेगळे ठेवा.

आईबाप निवडणं

ज्याच्यात गुण आहे ते झाड बहुतेकदा दिसायला गरीब असतं. बी-३०१ हे बोत्सवानातलं गावरान वाण. दाणा बारीक, पण स्ट्रायगा आणि अलेक्ट्रा दोन्हींना रोखणारं. नायजेरियातल्या इबादानच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत बी. बी. सिंग या भारतीय पैदासकाराने आणि सहकाऱ्यांनी ते संकरात वापरलं. १९९० साली सिंग आणि एमेचेबे यांनी दाखवलं की बी-३०१ मधला स्ट्रायगाचा प्रतिकार एकाच प्रभावी जनुकावर (आई-बापापैकी एकाकडून आला तरी ज्याचा गुण दिसतो अशा) चालतो. अलेक्ट्राच्या बाबतीत दोन जनुक निघाले, आणि त्यातला कोणताही एक पुरेसा ठरतो.

आपल्याकडे सरावासाठी साधी जोडी घ्या: आई पांढऱ्या फुलाची बरबटी, बाप जांभळ्या फुलाची. जांभळा रंग प्रभावी असतो. त्यामुळे संकराचं बी पेरल्यावर जांभळं फूल आलं तर संकर खरा, पांढरं आलं तर आईने स्वतःच्याच परागाने धरलेली शेंग. गावरान बरबटी आठवडी बाजारात बियाण्याच्या ढिगात आजही मिळते. डोंगराकडच्या गावांत तर घराघरांत वेगळी. अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आहे, आणि राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोचं प्रादेशिक केंद्रही अकोल्यातच आहे. वाणांची नीट नोंद असलेलं बी हवं असेल तर तिथे रीतसर विचारा. परदेशातलं बी तर ब्यूरोमार्फत, तपासणी होऊनच यायला हवं.

फुलाचं काम

बरबटी स्वतःच स्वतःला धरते. फूल पहाटे उघडतं आणि दुपारपर्यंत मिटतं, पण परागकोष त्याआधीच, रात्रीच फुटलेले असतात. म्हणजे उघडलेलं फूल आई म्हणून निकामी. काम आदल्या संध्याकाळी, उद्या उघडणाऱ्या कळीवर करायचं. ही कळी ओळखायला दोन-तीन दिवस नुसतं निरीक्षण करा: ती फुगलेली, लांब, हिरवट-पिवळी झालेली असते, शेजारच्या लहान कळ्या अजून घट्ट आणि हिरव्या असतात.

पाच वाजता वावरात जा. सोबत टोकदार चिमटा, सुई, रंगीत दोरा, चिठ्ठ्या, शिसपेन्सिल. शाईचं पेन नको, पहिल्याच सरीत अक्षर वाहून जातं. देठावरच्या बाकीच्या कळ्या खुडून एकच ठेवा. डाव्या हाताच्या अंगठा आणि तर्जनीत कळी धरा, बाक वर. मोठ्या पाकळीच्या कडा जिथे मिळतात त्या रेघेवरून सुई हलकेच फिरवा, पाकळी एका बाजूला उघडते. तिच्या आतली बाजूची पाकळी सारा. आता मधली होडीसारखी, पांढरट, वळलेली पाकळी दिसेल. तिला सुईने चीर द्या. आत दहा पुंकेसर आणि मधोमध किंचित वाकलेली, टोकाशी केसाळ कुक्षी. चिमट्याने दहाही पुंकेसर काढा, मोजून काढा. नऊ निघाले आणि एक राहिला तर सगळी मेहनत फुकट. कुक्षीला धातू लागू देऊ नका. पाकळ्या पुन्हा जागेवर बसवा म्हणजे रात्री कुक्षी सुकणार नाही, आणि शेजारचं पान त्यावर दुमडून दोऱ्याने सैल बांधा.

सकाळी सात ते नऊ या वेळात बापाकडचं ताजं फूल आणा. त्याच्या बाजूच्या पाकळ्या बोटाने खाली दाबल्या की पिवळ्या परागाने माखलेली कुक्षी आपोआप बाहेर येते. कुंचला शोधायची गरज नाही, तीच कुंचला. ती आईच्या कुक्षीवर हलकेच टेकवून फिरवा. चिठ्ठीवर आई आधी, बाप नंतर, तारीख, आणि तुमचं नाव लिहा.

दोन-तीन दिवसांत एक तर हिरवी सुईसारखी शेंग दिसते, नाहीतर देठ पिवळा पडून गळतो. नव्या हाताच्या दहातल्या आठ-नऊ कळ्या गळल्या तरी निराश होऊ नका. उघडीप आणि कडक ऊन असेल तर जुन्या हातांच्याही गळतात, ढगाळ दमट दिवस चांगले. मी ज्यांना शिकवलं त्यांच्यात सगळ्यात चांगला हात कापूस वेचणाऱ्या मुलींचा निघाला. त्यांच्या बोटांना बोंडातून सरकी-काडी न लागू देता कापूस ओढायची सवय असते.

पिढ्या आणि त्यांचा हिशेब

संकराचं बी पेरून आलेली ती पहिली पिढी. सगळी झाडं एकसारखी. प्रतिकार प्रभावी असेल तर सगळी प्रतिकारक, त्यामुळे इथे निवड करायची नसते, फक्त खऱ्या संकराची खात्री करायची आणि भरपूर बी घ्यायचं. दुसऱ्या पिढीत गुण फुटतात. एका प्रभावी जनुकाचा खेळ असेल तर चारात तीन झाडं प्रतिकारक आणि एक बळी पडणारं. दोन जनुकांपैकी कोणताही एक पुरत असेल, अलेक्ट्रासारखा, तर सोळात पंधरा.

समजा दुसऱ्या पिढीची ११२ झाडं तपासली, ८० स्वच्छ निघाली, ३२ वर तण आलं. तीनास एक या हिशेबाने ८४ आणि २८ यायला हवी होती. प्रत्येक गटातला फरक ४, त्याचा वर्ग १६. १६ भागिले ८४ म्हणजे ०.१९, १६ भागिले २८ म्हणजे ०.५७, बेरीज ०.७६. ही बेरीज ३.८४ पेक्षा (दोन गटांच्या अशा तुलनेसाठी संख्याशास्त्रात धरलेल्या मर्यादेपेक्षा) कमी असेल तर फरक योगायोगाचा धरायला हरकत नाही. मात्र शेजारच्या बळी पडणाऱ्या वाणाची दहापैकी चार झाडं स्वच्छ राहिली असतील, तर तुमच्या ८० मध्येही निसटलेली झाडं घुसलेली आहेत. मग गणित कितीही जुळलं तरी चाचणी पुन्हा करा.

आपल्या पांढऱ्या-जांभळ्या जोडीवर हाच हिशेब फुलांच्या रंगाने करा. पुष्कळ जोड्यांत तीनास एकच निघतं, आणि एकही मुळी न धुता हात हिशेबाला बसतो.

दुसऱ्या पिढीतल्या प्रतिकारक झाडांपैकी तिसरा हिस्साच पक्का असतो. बाकीच्यांच्या पोटी पुन्हा बळी पडणारी पिलं येतात. दोन्ही वरून ओळखू येत नाहीत. म्हणून प्रत्येक झाडाचं बी वेगळ्या पाकिटात ठेवून त्यातले सोळा दाणे तणाच्या मातीत पेरायचे. झाड कच्चं असूनही सोळाही वाचण्याची शक्यता शंभरात एक असते. अकरा दाण्यांवर ती शंभरात चारच्या आसपास असते. जागा कमी असेल तर अकरा घ्या, पण वहीत तसं लिहा.

पुढे दर पिढीला झाडाझाडातला कच्चेपणा निम्मा होत जातो. दुसऱ्या पिढीत ५० टक्के, तिसरीत २५, सहावीत ३ च्या आसपास. तिथे वाण स्थिर झालं म्हणता येतं. गावाला आवडणाऱ्या वाणात फक्त प्रतिकार आणायचा असेल तर संकर पुन्हा पुन्हा त्याच वाणाशी करत जायचं. पहिल्या उलट-संकरात त्याचा वाटा ७५ टक्के, दुसऱ्यात ८७.५, तिसऱ्यात ९३.७५. दर फेरीला प्रतिकाराची चाचणी मात्र चुकवायची नाही.

एकाच जनुकावर भिस्त ठेवली की काय होतं

बरबटीवरच्या स्ट्रायगाच्या पश्चिम आफ्रिकेत वेगवेगळ्या जाती (एकाच तणाचे उपप्रकार) आहेत. बुर्किना फासोतली वेगळी, मालीतली वेगळी, नायजेरिया-नायजरची वेगळी. एका जातीला रोखणारं वाण दुसरीसमोर हात टेकतं. बी-३०१ बहुतेक जातींना पुरून उरलं होतं, पण बेनिनमधल्या झाकपोटा भागातल्या स्ट्रायगाने त्यालाही गाठलं. २००९ साली व्हर्जिनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी बी-३०१ मधला एक जनुक वेगळा ओळखून गप्प केला, तेव्हा ते वाण नायजेरियाच्या जातीला बळी पडलं, पण तपासलेल्या दुसऱ्या जातींना रोखतच राहिलं. म्हणजे एका झाडातच कुलपं अनेक आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी.

म्हणून तपासणी एकाच वावराच्या बियावर संपवू नका. अंतिम टप्प्यातली दोन-चार वाणं टारफुला असलेल्या दोन-तीन वेगळ्या गावांत न्या. वाण न्यायचं, टारफुल्याचं बी न्यायचं नाही. आफ्रिकेत हाच रस्ता धरून निघालेलं आयटी९७के-४९९-३५ हे वाण २००८ साली नायजेरियात साम्पी-१० या नावाने शेतकऱ्यांना मिळालं. २०१९ साली बरबटीच्या अकरा गुणसूत्रांचा संदर्भ-जनुकसंच प्रसिद्ध झाला तो याच वाणाचा. आता तिथे कोवळ्या पानाच्या तुकड्यावरून जनुक ओळखता येतो, पण शेवटचा निकाल तणाच्या मातीतच लागतो.

चुलीवरची परीक्षा

मुळं स्वच्छ, दाणे भरपूर, आणि शिजायला दीड तास: असं वाण गावात टिकत नाही. चौथ्या-पाचव्या पिढीपासून दर वाणाचा पावशेर दाणा घरी शिजवून पाहा. उसळ करा, भिजवून वाटून वडे करा, कोवळ्या शेंगांची भाजी करा. चव सांगायला घरातल्या बाया बसवा, त्यांचं मत वहीत आकड्यांच्या शेजारीच लिहा. एका वर्षी आमचं सगळ्यात जोमदार वाण याच कारणाने बाद झालं, कारण त्याची साल शिजूनही चामट राहत होती.

वाण सिद्ध झालं तर शेतकऱ्याला ते स्वतःच्या नावाने नोंदवता येतं. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा २००१ साली झाला आहे. नोंदीला वंशावळ आणि निरीक्षणं लागतात, ती पाच वर्षांनी आठवून लिहिता येत नाहीत. वही पहिल्या कळीपासूनच ठेवा.

आता बी. बरबटीला भुंगा फार लवकर लागतो, आणि तो शेंग वावरात असतानाच अंडी घालून ठेवतो. शेंगा वाळल्या की लगेच तोडा, दोन दिवस कडक उन्हात दाणे खडखडीत करा, चाळलेल्या राखेत मिसळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. प्रत्येक वंशाचं बी दोन ठिकाणी ठेवा. एक डबा तुमच्या घरी, दुसरा गावातल्या दुसऱ्या घरात, आणि चिठ्ठी डब्याच्या बाहेर एक, आत एक. पेरताना कधीही सगळं बी काढायचं नाही, निम्मं मागे राहिलंच पाहिजे.